पेजमेकरमधले 18 दिवाळी अंक युनिकोडमध्ये आणायचे आहेत. पुढची 20 वर्षं कशावर विसंबावं?

अंकसाठा (प्रश्न)

एका छोट्या प्रकाशनाचा साठा आहे: 1998 ते 2015 चे 18 दिवाळी अंक आणि चाळीसेक पुस्तकं. सगळं पेजमेकर या जुन्या पानमांडणी प्रोग्रॅमच्या 6.5 आणि 7 या आवृत्त्यांत. मजकूर तीन प्रकारच्या फॉन्टांत आहे: बराचसा श्री-लिपीत, काही आयएसएम या सॉफ्टवेअरच्या डीव्हीबी-टीटी मालिकेत, थोडा कृतिदेवमध्ये. फाइली काही सीडींवर, काही एका जुन्या आयडीई हार्डडिस्कवर. मशीन विंडोज एक्सपीचं, आणि मराठी सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (ते जोडलेलं असेल तरच सॉफ्टवेअर चालतं) पॅरलल पोर्टला लावलेलं.

दोन रस्ते दिसतात. एक, नवं व्यावसायिक मराठी सॉफ्टवेअर आणि ॲडोबीच्या इनडिझाइन या पानमांडणी प्रोग्रॅमची वर्गणी. दुसरा, स्क्रायबस आणि लिबरऑफिस हे मुक्त (ओपन-सोर्स) प्रोग्रॅम आणि मुक्त फॉन्ट. प्रश्न पैशांचा कमी आणि 20 वर्षांनी या फाइली उघडतील का याचा जास्त आहे. जुना मजकूर न बिघडवता बाहेर काढायची रीत आणि पुढच्या कामाची दिशा, दोन्ही सांगा.

---

खिळाजुळारी

सॉफ्टवेअर नंतर ठरवा. आधी ते एक्सपीचं मशीन सुरू करणं थांबवा. इतकी जुनी डिस्क प्रत्येक वेळी फिरवताना जोखीम असते.

डिस्क बाहेर काढा, मागचा जंपर 'मास्टर'वर ठेवा आणि आयडीई-यूएसबी अडॅप्टरने लिनक्सच्या मशीनला जोडा. अडॅप्टर स्वतंत्र वीजजोडणीचा घ्या. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. मग जीएनयू डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे तंतोतंत नक्कल, घ्या. पहिल्या फेरीत अडणारे भाग सोडून द्यायचे, दुसऱ्या फेरीत त्यांच्यावर तीन प्रयत्न. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद) दिल्याशिवाय सुरू करू नका. ती असेल तर मध्येच वीज गेली तरी काम पुढे चालू होतं, नसेल तर पहिल्यापासून. सीडींच्या प्रतिमाही याच पद्धतीने घ्या. विंडोजमध्ये डिस्क उघडून फाइली ओढून घ्यायच्या भानगडीत पडू नका. एखाद्या खराब सेक्टरवर कॉपी अडकते आणि त्याच जागी डिस्क परत परत झिजते.

ही प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी मशीनमध्ये, एक्सपी म्हणून चालवता येते. 1 जीबी मेमरी पुरते. नेटवर्क बंद ठेवा. लॉक मात्र अडेल, कारण पॅरलल पोर्टचं लॉक आभासी मशीनपर्यंत पोचवणं फार त्रासाचं असतं. यूएसबीचं लॉक असतं तर सोपं झालं असतं. पण लॉक सहसा टायपिंगच्या प्रोग्रॅमला असतं. फॉन्टच्या टीटीएफ फाइली विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतील, तर जुळवलेलं पान दिसायला लॉक लागत नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या फाइलींत मराठी नाहीच. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं आहे. फॉन्टने त्या जागांवर म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटीची चित्रं बसवलीत म्हणून आपल्याला तिथे मराठी दिसतं. फॉन्ट काढला की उरते फक्त इंग्रजी अक्षरांची माळ. श्री-लिपी आणि डीव्हीबीची मांडणी याहून वेगळी, आणि श्री-लिपीतही सगळ्या फॉन्टांची मांडणी एक नाही. म्हणून 'मुक्त की बंद' हा प्रश्न पहिल्यांदा संकेतनाला (अक्षरं कोणत्या क्रमांकांनी साठवली त्या पद्धतीला) विचारा, प्रोग्रॅमला नंतर. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे बंद प्रोग्रॅमने लिहिलेला युनिकोड मजकूर 20 वर्षांनी कोणीही वाचेल. मुक्त प्रोग्रॅममध्ये कृतिदेवने टाइप केलेला मजकूर तितकाच अडकलेला राहील.

---

पानमांडणी

मजकूर बाहेर काढायचे तीन मार्ग आहेत, माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

इनडिझाइन सीएस6 किंवा त्याआधीची आवृत्ती कुणाकडे वैध परवान्याने असेल, तर ती पेजमेकर 6 ते 7 च्या फाइली थेट उघडते. नंतरच्या सीसी, म्हणजे वर्गणीच्या, आवृत्त्यांत ही सोय नाही. म्हणजे आजची वर्गणी घेऊन तुमच्या फाइली उघडणार नाहीत, हे पैसे भरण्याआधी लक्षात घ्या. सीएस6 मध्ये उघडलं की लगेच आयडीएमएल म्हणून साठवा. आयडीएमएल म्हणजे एक झिप असते. तिच्यातल्या 'स्टोरीज' फोल्डरमध्ये प्रत्येक लेखाची एक्सएमएल फाइल मिळते आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला कोणता फॉन्ट लावलाय ते तिथे लिहिलेलं असतं. पुढच्या कामाला हीच माहिती सोन्यासारखी.

दुसरा मार्ग लिबरऑफिस ड्रॉ. 4.4 आवृत्तीपासून ते पेजमेकर 6 आणि 7 च्या फाइली वाचतं. मांडणी तंतोतंत येत नाही, पण मजकूर आणि त्याचं फॉन्टनाव हाती लागतं. साठवताना 'फ्लॅट एक्सएमएल'चा पर्याय निवडा, म्हणजे स्क्रिप्टला थेट वाचता येईल.

तिसरा मार्ग आभासी मशीनमधल्या पेजमेकरमधूनच. टेक्स्ट टूलने लेखात क्लिक करून सगळं निवडा आणि एक्सपोर्टमधून आरटीएफ (फॉन्टची माहिती राखणारी मजकुराची फाइल) काढा. प्रत्येक लेख वेगळा काढावा लागतो, 200 पानी अंकाला यात सबंध दिवस जातो. पण बाइट जसेच्या तसे येतात.

साधा टेक्स्ट काढू नका. लेखात मध्येच इंग्रजी शब्द असतात, टाइम्समध्ये टाइप केलेले. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची माहिती गळते आणि मग कन्व्हर्टर त्या इंग्रजीचंही 'मराठी' करून ठेवतो.

आरटीएफ काढली की ती वर्डमध्ये उघडून 'जरा दुरुस्त करून' साठवायचा मोह आवरा. टाइप करताना वर्डचा ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो. कृतिदेवमध्ये लहान ई म्हणजे म, कॅपिटल ई म्हणजे अर्धा म्. तसंच साठवलंत की 'मराठी'चा 'म्राठी' झाला आणि कुणाच्या लक्षातही आला नाही. दुसरा घोटाळा कोडपेजचा, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर या विंडोजच्या तक्त्याचा. विंडोज-1252 मध्ये 129, 141, 143, 144 आणि 157 या पाच जागा रिकाम्या आहेत. जुन्या मराठी फॉन्टांनी तिथे अक्षरं बसवलेली असू शकतात. रूपांतर करताना प्रोग्रॅम ती गाळतो किंवा प्रश्नचिन्ह ठेवतो. 160 ला तो न तुटणारी मोकळी जागा समजतो आणि 173 ला अदृश्य जोडरेघ, त्यामुळे तीही अक्षरं उडतात. एखादं ठरावीक जोडाक्षर सगळ्या पुस्तकातून गायब दिसलं, तर पहिला संशय या सात जागांवर घ्या.

---

मुद्रितशोधक

रूपांतराविषयी. नेटवरचे तयार कन्व्हर्टर एखाद्या परिच्छेदाला ठीक असतात. 18 अंकांना जुनी खूण आणि तिचं युनिकोड रूप अशा जोड्यांचा स्वतःचा तक्ता करा. पायथॉनची दोनशे ओळींची स्क्रिप्ट पुरते.

आधी प्रत्येक फॉन्टचा नकाशा काढा. 32 ते 255 म्हणजे 224 जागा. एका पानावर 224 चौकटी करा, प्रत्येकीत तो क्रमांक आणि त्या फॉन्टमधलं ते अक्षर, आणि पान छापून घ्या. हातात पेन घेऊन प्रत्येक चौकटीपुढे युनिकोड रूप लिहा. फॉन्टांच्या नावांवरून 'याची मांडणी त्याच्यासारखीच असेल' असं धरून चालू नका, प्रत्येकाचं पान वेगळं छापा.

पुढे काय बिघडतं ते 'विद्यार्थी' या एका शब्दात दिसतं. कृतिदेवमध्ये तो आठ खुणांचा आहे: एफ, ओ, उभी रेघ, के, कॅपिटल एफ, के, एच, कॅपिटल झेड. म्हणजे क्रमाने ऱ्हस्व वेलांटी, व, द्य, काना, अर्धा थ्, काना, दीर्घ वेलांटी, रफार. युनिकोडमध्ये हाच शब्द दहा संकेतांचा, आणि क्रमही वेगळा.

पहिली अडचण थ ची. तो अर्धा थ् आणि काना अशा दोन तुकड्यांत आहे. के चा काना आधी बदललात तर 'थ्ा' असा विद्रूप प्रकार उरतो. म्हणून तक्त्यातल्या जोड्या लांबीने लावा, सर्वांत लांब जोडी पहिली.

दुसरी, ऱ्हस्व वेलांटी. ती अक्षराच्या आधी टाइप झालेली आहे, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. पण नंतर म्हणजे कशाच्या? एका व्यंजनानंतर ढकललीत तर 'स्थिती'चं 'सि्थती' होतं. नेटवर हा प्रकार ढिगाने दिसतो, तो याच चुकीचा. नियम असा हवा: वेलांटीपुढे पाय मोडलेली व्यंजनं कितीही असोत, ती सगळी आणि नंतरचं पूर्ण व्यंजन ओलांडून वेलांटी ठेवा.

तिसरी, रफार. तो अक्षर आणि त्याच्या मात्रा यांच्या मागे आहे, त्याला उलट दिशेने पूर्ण जोडाक्षराच्या आधी न्यायचं. मागे जाताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं ओलांडा. टाइप करणाऱ्यांनी अनुस्वार कधी रफाराआधी, कधी नंतर मारलेला असतो, दोन्ही गृहीत धरा. उकार आणि अनुस्वाराचंही तेच. जुन्या फॉन्टमध्ये कोणताही आधी मारला तरी छापून एकसारखंच येतं, युनिकोडमध्ये अनुस्वार आधी आला की मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

एवढं झालं की मजकूर वाचनीय होतो, पण शोधण्याजोगा होत नाही. मराठीच्या दोन जागा खास बघा. 'दऱ्या'तला अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिला जातो: 0931 क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा (न दिसणारा) जोडक. दिसायला सारखेच, शोधात मात्र एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. सगळीकडे 0931 करा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे वेगळे शब्द आहेत, त्यांची गल्लत तक्त्यातच टाळा. दुसरी जागा ॲ. हे अक्षर 0972 वर 2008 मध्ये आलं. त्याआधीचे कन्व्हर्टर अ आणि वर चंद्र असे दोन संकेत लिहितात. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे ते चालवूनही फरक तसाच राहतो. हा बदल स्वतः लिहावा लागतो.

तपासायला 18 अंक डोळ्यांनी वाचू नका. छापील अंकाची पानं 300 डीपीआयने स्कॅन करा, टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी निवडून ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखून) घ्या आणि तो मजकूर रूपांतरित मजकुराशी शब्दशः ताडा. ओसीआरच्या चुका विखुरलेल्या असतात, तक्त्याच्या चुका एकाच अक्षरावर पुन्हा पुन्हा येतात. फरकांची यादी वारंवारतेने लावलीत की तक्त्यातली भोकं वर येतात. ती बुजवून स्क्रिप्ट परत चालवा. स्वच्छ मजकुरावर हाताने दुरुस्त्या सगळ्यांत शेवटी. आधी केल्यात तर पुढच्या फेरीत पुसल्या जातील.

---

छपाईघर

वरचं सगळं मान्य. पण पुढच्या कामासाठी इनडिझाइन सोडा असा सल्ला कुणी द्यायच्या बेतात असेल तर थांबावं. रंगीत जाहिराती, कोष्टकं आणि चार जणांनी एकाच अंकावर काम करणं, यात ते आजही पुढे आहे. युनिकोड मराठी त्यात नीट चालते, फक्त परिच्छेदाच्या शैलीत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडायला हवा. तो नसला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि लोक फॉन्टला दोष देतात.

स्क्रायबसमध्ये मराठी खऱ्या अर्थाने 1.5.3 नंतर चालायला लागली. आज वापरायचं तर 1.6 वापरा. साध्या कादंबरीला किंवा कवितासंग्रहाला उत्तम आहे, छापखान्याला हवी तशी सीएमवायके पीडीएफ देतं. कोष्टकांचं काम अवघड. आणि मुक्त आहे म्हणून फाइली कायम चालतील असंही नाही, 1.6 ची फाइल 1.4 मध्ये उघडत नाही.

---

खिळाजुळारी

छपाईघर यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याला जोड देतो. टाइप 1 या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार ॲडोबीने आपल्या प्रोग्रॅममधून जानेवारी 2023 मध्ये काढला. लिबरऑफिसने तोच आधार 5.3 मध्ये, 2017 सालीच काढला होता. म्हणजे मुक्त बाजूने आधी सोडलं.

फरक त्यानंतर पडतो. लिबरऑफिसची 5.3 आधीची आवृत्ती आजही उतरवून, परवान्याची चौकशी न होता, आभासी मशीनमध्ये चालवता येते. टाइप 1 ची रचना 1990 मध्ये प्रसिद्ध झालेली असल्यामुळे फॉन्टफोर्ज तो फॉन्ट आज ओपनटाइपमध्ये बदलून देतो. उलट पेजमेकर बघा. शेवटची आवृत्ती 2001 ची. त्याची फाइल-रचना उघड नव्हती, म्हणून मुक्त प्रकल्पातल्या लोकांना फाइली उसवून ती उमजून घ्यावी लागली आणि लिबरऑफिसमध्ये वाचनाची सोय यायला 2015 उजाडलं. तीही अपुरी. कंपनी वाईट होती असं नाही. तिने उत्पादन थांबवलं आणि किल्ली तिच्याकडेच राहिली.

उलटा नमुनाही आहे. पीडीएफ ॲडोबीचीच, 1993 ची. 2005 मध्ये पीडीएफ/ए हे जतनासाठीचं प्रमाण झालं आणि 2008 मध्ये सबंध पीडीएफ आयएसओ प्रमाण झाली. म्हणून आज ती वाचणारे मुक्त प्रोग्रॅम डझनाने आहेत.

तेव्हा इनडिझाइन घेतलंत तर माझा आग्रह एवढाच: अंक छापायला गेला त्याच दिवशी आयडीएमएलही काढा. इनडिझाइनची मूळ फाइल दुसरे प्रोग्रॅम सहसा वाचत नाहीत, आयडीएमएल मात्र स्क्रायबस 1.5 पासून उघडतं. वर्गणी थांबल्यावर आयडीएमएल काढायला परत वर्गणी भरावी लागेल, म्हणून ते 'नंतर करू' असं ठेवू नका.

---

अंकसाठा

खूप उपयोग झाला. दोन शंका. जुन्या अंकांचं ई-बुक करायचं तर तेच जुने फॉन्ट वापरता येतील का? आणि प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये नेमकं काय ठेवू?

---

पानमांडणी

जुने फॉन्ट नकोत, दोन कारणांनी. ते युनिकोडचे नाहीत. आणि छपाईचा परवाना म्हणजे ई-बुकमध्ये फॉन्ट घालून वाटण्याचा परवाना नव्हे, बहुतेक व्यावसायिक परवान्यांत ते वेगळं असतं. तुमची कागदपत्रं काढून वाचा.

ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट घ्या. पुस्तकात, ई-बुकमध्ये, संकेतस्थळावर घालायला मुभा आहे. फॉन्टच स्वतंत्रपणे विकायचा नाही, आणि बदल केलात तर राखीव नाव वापरायचं नाही. मजकुराला शोभिका बघा: आयआयटी मुंबईचा, त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर आधारलेली. टिरो देवनागरी मराठी हाही लांब वाचनाला चांगला, यात अक्षरांची वळणं मराठीचीच आहेत. मथळ्यांना एक टाइपचा मुक्त. पाकळीचा ल आणि देठाचा श नीट तपासा. ज्या फॉन्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं भरलेली असतात, त्यांत मजकुराची भाषा 'मराठी' निवडली तरच आपली रूपं येतात. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या पर्यायांत 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'खाली ही निवड आहे, आणि ती हिंदीवर राहिली तर सबंध पुस्तक हिंदी वळणाचं छापलं जातं.

फोल्डरविषयी मुद्रितशोधक सांगतीलच, एक मात्र आत्ताच सांगतो: फॉन्टची फाइल आणि तिच्या परवान्याची फाइल दोन्ही त्यातच ठेवा. फॉन्टची नवी आवृत्ती आली की अक्षरांची रुंदी थोडी बदलू शकते, आणि पुनर्मुद्रणात ओळी पुढे सरकून 160 पानांचं पुस्तक 163 पानांचं होतं. 16 पानी फॉर्मच्या हिशेबात ती तीन पानं फार महाग पडतात.

---

मुद्रितशोधक

फोल्डरमध्ये: मूळ पेजमेकर फाइल आणि तिची चित्रं, न उघडता जशीच्या तशी. काढलेली आरटीएफ किंवा आयडीएमएल. यूटीएफ-8 मधला स्वच्छ मजकूर, लेखागणिक एक फाइल. ओडीटी, म्हणजे तिरके-ठळक शिल्लक राहतात. छापील अंकाच्या स्कॅनची पीडीएफ/ए. आणि त्या दिवशीचा रूपांतर-तक्ता व स्क्रिप्ट, तारखेसकट. पाच वर्षांनी 'हा शब्द मुळात असाच होता का' असा प्रश्न आला तर उत्तर तक्त्यातून मिळतं.

सगळ्या फाइलींचे एसएचए-256 (फाइल बदलली तर बदलणारी खूण) काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि दर दिवाळीला ताडून बघा. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी. फाइलनावांत श्री-लिपीतून चिकटवलेली जुनी नावं असतील तर वर्ष आणि क्रमांक असं साधं नाव द्या, जुनं नाव यादीत नोंदवा.

सुरुवात 1998 च्या अंकापासून करू नका. आधी जो अंक तिन्ही फॉन्टांत मिसळून जुळवलाय तो घ्या. तक्त्यातल्या बहुतेक चुका तिथेच निघतील आणि उरलेले 17 भरभर होतील. कोणता ते आयडीएमएलमधली फॉन्टनावं मोजली की कळेल.